घरात कुत्रा आहे, आता मांजरं येतायत

पावसाळ्यात सोसायटीच्या मीटररूममधून दोन मांजरं आम्ही वर घरी आणली, तेव्हा बंड्या चार वर्षांचा होता. बंड्या आमचा कुत्रा, देशी, २२ किलोचा. घर डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन बेडरूमचं. मांजरं सात-आठ महिन्यांची भावंडं. तिचं नाव शेवंता ठेवलं, त्याचं गोट्या.

पहिल्याच संध्याकाळी मी शेवंताला कडेवर घेऊन बंड्याच्या नाकासमोर नेलं. एकदा वास घेऊ दे, म्हणजे ओळख होईल, असं बहुतेकांना वाटतं, तसं मलाही वाटलं होतं. बंड्या एकदाच भुंकला. शेवंताने माझ्या खांद्यात नखं रोवली, फ्रिजवर उडी मारली, तिथून माळ्यावर गेली आणि जुन्या गाद्यांमागे शिरली. दीड दिवस खाली आली नाही. अन्न नाही, पाणी नाही. मांजराने दोन दिवस अन्न सोडलं तर यकृतात चरबी साचून ते गंभीर आजारी पडू शकतं, हे मला त्या दीड दिवसात डॉक्टरांकडून कळलं. शेवटी आईने उकडलेल्या मांदेलीची ताटली माळ्याच्या कडेला ठेवली आणि आम्ही सगळे खोलीबाहेर गेलो, तेव्हा ती खाली उतरली.

मग सगळं पहिल्यापासून सुरू केलं, सावकाश. साडेतीन महिने लागले. पुढे जे लिहिते आहे ते त्या महिन्यांत शिकलेलं, डॉक्टरांना विचारून पक्कं केलेलं आणि नंतर ओळखीच्या दोन-तीन घरांत करून बघितलेलं आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात धरा. कुत्र्यामांजराची गळाभेट घडवायची असं ठरवून सुरुवात केलीत तर घाई होणारच. आपल्याला हवं आहे ते एवढंच: कुत्र्याने मांजराकडे बघावं आणि आपणहून नजर काढून घ्यावी. हे जमलं की अर्ध्याहून जास्त काम झालं. पुढे दोघं एका गादीवर झोपली तर आनंदच आहे, पण आयुष्यभर एकमेकांकडे दुर्लक्ष करून राहिली तरी तो सुखी संसार समजा.

आणण्याआधी कुत्र्याकडे नीट बघा

रस्त्यात मांजर दिसलं की तुमचा कुत्रा काय करतो, ते आठवा. भुंकतो, दोरी ओढतो, पण दोन-तीन हाकांनंतर वळून बघतो? मग शिकवता येईल. एकदम गप्प होतो, तोंड मिटून, मान पुढे काढून, अंग ताठ करून एकटक बघतो आणि तुमची हाक त्याच्यापर्यंत पोचतच नाही? मग सावध व्हा. भुंकणाऱ्या कुत्र्यापेक्षा हा गप्प झालेला कुत्रा मांजरासाठी जास्त धोक्याचा.

जातीचाही भाग असतो. आपल्याकडचा कारवान, शेजारच्या कर्नाटकातला मुधोळ हाउंड, हे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या पळत्या सशामागे सोडण्यासाठीच जोपासले गेले आहेत. पळणारी छोटी वस्तू दिसली की त्यांचे पाय आधी सुटतात. हस्की आणि टेरियर जातींचंही बऱ्याचदा तसंच. लॅब्रॉडर, गोल्डन रिट्रीव्हर, वस्तीत मांजरांसोबत वाढलेले देशी कुत्रे तुलनेने सोपे जातात. पण जात हा अंदाज आहे, तुमच्या कुत्र्याचा स्वभाव तुम्हीच ओळखता. ज्या कुत्र्याने आधी मांजर मारलंय त्या घरात मांजर आणू नका. तिथे प्रयोग करून बघायची किंमत फार मोठी आहे आणि ती मांजराला मोजावी लागते.

वयाने खूप फरक पडतो. कुत्र्याचं पिल्लू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत, आणि मांजराचं पिल्लू दुसऱ्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत, ज्यांच्यात वावरतं त्यांना आपलं मानायला शिकतं. त्या दिवसांत कुत्रा पाहिलेलं मांजर मिळालं तर तुमचं नशीब. नसेल तरी हरकत नाही, फक्त वेळ जास्त द्यावा लागेल.

मांजर येण्याआधी दोन-तीन आठवडे कुत्र्याला चार गोष्टी पक्क्या शिकवा: नाव घेतलं की वळून बघणं, ‘बस’, ‘थांब’ आणि ‘सोड’. ‘सोड’ शिकवायला पोळीचा तुकडा मुठीत धरा. तो हुंगेल, चाटेल, पंजा मारेल. मूठ उघडू नका. ज्या क्षणी नाक मागे घेईल त्या क्षणी ‘शाब्बास’ म्हणा आणि दुसऱ्या हातातला खाऊ द्या, मुठीतला नको. दोन-चार दिवसांत त्याला कळतं की हवी असलेली वस्तू सोडली की त्याहून चांगलं काहीतरी मिळतं. पुढे मांजर समोर असताना नेमका हाच व्यवहार करायचा आहे.

मांजराची खोली

मांजरांना एक स्वतंत्र खोली लागते. तिथे कुत्रा पाऊल टाकणार नाही, पहिल्या दिवसापासून.

खोलीच्या आधी खिडक्या बघा. घाबरलेलं मांजर ग्रिलमधून सहज निघतं, आणि तिसऱ्या मजल्यावरून पडून मांजरं वाचतात ही समजूत फार धोक्याची आहे. जबडा, छाती, पाय मोडून दवाखान्यात आलेली मांजरं डॉक्टरांना नेहमी बघावी लागतात. खिडक्या आणि बाल्कनी, दोन्हीला घट्ट जाळी बसवा. हे काम झाल्याशिवाय मांजर घरी आणू नका.

खोलीत काय लागतं? पाणी, खाणं, आणि त्यापासून शक्य तितके लांब लिटरचे, म्हणजे शी-शू करायच्या वाळूचे, ट्रे. मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त, हा साधा हिशोब; आमच्या दोघांना तीन. नखं घासायला लाकडी खांबाला काथ्याची दोरी गुंडाळून द्या, फार छान चालते. लपायला पुठ्ठ्याचा खोका द्या, पण त्याला दोन बाजूंनी भोकं पाडा. एकच तोंड असलेली जागा मांजराला सापळ्यासारखी वाटते, पलंगाखालचा भिंतीकडचा कोपरा तर तसाच असतो.

आणि उंची. मांजराच्या मनःशांतीसाठी यापेक्षा मोठी गोष्ट नाही. वरून कुत्रा दिसतो आणि त्याचं तोंड आपल्यापर्यंत पोचत नाही, हे एकदा मांजराला कळलं की ते पळायचं थांबतं. आणि पळायचं थांबलं की कुत्र्याचं मागे लागणंही निम्मं होतं. म्हणून खोलीत आणि पुढे हॉलमध्येही वरचा रस्ता तयार करा: स्टुलावरून टेबलावर, टेबलावरून भिंतीतल्या फळीवर, फळीवरून कपाटावर. दीड-दोन हजारांत सुतार दोन भक्कम फळ्या ठोकून देतो. त्यांवर गोणपाट चिकटवा, म्हणजे पाय घसरत नाहीत. कपाटावरच्या बॅगा काढून तिथे जुनी चादर टाका.

याच आठवड्यात दवाखान्याची फेरीही उरका. मांजरांना तीन रोगांवरची एकत्रित लस आठव्या आठवड्यापासून सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, दोघांनाही, चुकवू नका. जंताचं औषध द्या. पिसवा तपासा, कारण मांजरावरची पिसू कुत्र्यालाही तितक्याच आवडीने चावते आणि तिच्यातून टेपवर्म हा जंत दोघांच्या पोटात जातो. रस्त्यावरून आणलेल्या पिल्लांच्या कानांवर, नाकाजवळ गोल केस गेलेले चट्टे दिसले तर ते गजकर्ण असू शकतं. ते कुत्र्याला, मांजराला, घरातल्या मुलांना, सगळ्यांना लागतं. ते बरं होईपर्यंत कुत्र्याची भेट नको. पाच-सहा महिन्यांनंतर नसबंदीचं डॉक्टरांशी बोला. बोका भिंतीवर मुतून हद्द आखायला लागला की कुत्राही त्यावर आपली खूण करायला जातो आणि घरात वेगळाच उपद्व्याप सुरू होतो.

आधी वास, नंतर चेहरा

पहिला आठवडाभर दार बंद. दोघांनी एकमेकांना बघायचं नाही. पण दाराखालच्या फटीतून सगळी बातमी दोन्हीकडे पोचत असते. बंड्या पहिले तीन दिवस त्या फटीला नाक लावून पडून होता.

जुन्या सुती साडीचे किंवा पंचाचे चार तुकडे करा. एक मांजराच्या गालांवरून आणि हनुवटीखालून हलक्या हाताने फिरवा. मांजर दारांना, पायांना गाल घासतं तेव्हा तिथून ते आपला वास लावत असतं, तोच वास कापडावर येतो. दुसरा तुकडा कुत्र्याच्या मानेवरून आणि पाठीवरून. मग अदलाबदल. मांजराचं कापड कुत्र्याच्या ताटाजवळ ठेवा, कुत्र्याचं मांजराच्या वाटीपासून दोन-तीन हात लांब. कुत्रा कापड हुंगून बाजूला झाला की खाऊ. कापड तोंडात धरून झटकायला लागला तर मात्र अजून आठवडाभर इथेच थांबा, पुढे जाऊ नका. मांजर कापडाशेजारी निवांत जेवलं की रोज थोडं थोडं जवळ आणा.

मग जागांची अदलाबदल. सकाळी घरातलं कोणी कुत्र्याला फिरायला नेईल तेव्हा मांजरांना हॉल मोकळा करून द्या. ती सगळीकडे हुंगत फिरतील, कुत्र्याच्या गादीवर बसून बघतील, पळून जायच्या वाटा पाठ करतील. मांजराला घराचा नकाशा डोक्यात हवाच, तोही कुत्रा घरात नसताना तयार झालेला.

शेवटी बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण. दारापासून सात-आठ फुटांवर सुरू करा आणि रोज वीतभर पुढे सरका. मांजर जेवता जेवता थांबून दाराकडे बघत बसलं तर आज जास्त झालं असं समजून उद्या मागे या.

जाळीचं दार

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून यावर सविस्तर लिहिते.

मधलं दार असं हवं की दिसेल, वास येईल, पण जाता येणार नाही. लहान मुलांसाठीचं बुटकं फाटक मांजरासाठी निरुपयोगी, ते त्यावरून उडी मारतं. आणि नायलॉनची डासांची जाळी एका बोचकाऱ्यात फाटते. आम्ही फॅब्रिकेटरकडून बेडरूमच्या चौकटीच्या मापाची, वरपासून खालपर्यंत लोखंडी जाळी करून घेतली, कडीसकट. तिचा खालचा अर्धा भाग चादरीने झाकला. पहिल्या दिवशी चादर फक्त चार बोटं वर केली. बंड्याला शेवंताचे पाय दिसले, तिला त्याचे. तेवढंच. दोन मिनिटांनी चादर खाली.

कुत्र्याला आधी फिरवून, दमवून आणा. त्याच्या हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला, दोरी लावा, जाळीपासून दहा-बारा फुटांवर त्याच्याशेजारी बसा. खाऊ नेहमीचा नको. बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून ठेवा, आणि हा खाऊ मांजर दिसतं तेव्हाच मिळेल, एरवी नाही. पलीकडे घरातलं दुसरं माणूस मांजराजवळ बसून त्यालाही काही आवडतं खायला देईल.

आता काय बघायचं? नवव्या दिवशीची संध्याकाळ मला अजून डोळ्यांसमोर दिसते. चादर गुडघ्याएवढी वर होती. शेवंता खोक्याबाहेर येऊन बसली. बंड्याची लाळ गळत होती, तोंड उघडं होतं, आणि तिला बघताक्षणी ते मिटलं. कान पुढे आले. शेपटीचं टोक हलायचं थांबलं. मी दोरी ओढली नाही, हाकही मारली नाही. मनात एक-दोन-तीन-चार मोजले. पाचव्याला त्याने डोळे मिचकावले आणि नाक एवढंसं माझ्या हाताकडे वळलं. ‘शाब्बास’ म्हटलं आणि चिकन त्याच्या तोंडात. तो पुन्हा वळला, पुन्हा बघितलं, या वेळी दोन आकड्यांतच माझ्याकडे आला. दहा मिनिटांच्या शेवटी तो शेवंता दिसली की लगेच माझ्याकडे बघायला लागला होता, जणू विचारत होता, ‘बघितली, आता चिकन दे.’

शिकवायचं ते हेच. मांजर दिसलं की माणसाकडे वळायचं. शब्द वापराल तो नेमका नजर वळण्याच्या क्षणी, एका सेकंदाचाही उशीर नको. आणि सहा-सात आकडे मोजूनही कुत्रा वळला नाही तर तुम्ही फार जवळ बसला आहात. त्याला न रागावता चार फूट मागे न्या आणि तिथून सुरू करा.

रागावणं पूर्ण बंद. कुत्रा मांजराकडे बघून गुरगुरला आणि तुम्ही ओरडलात, तर त्याच्या डोक्यात हिशोब बसतो की हे मांजर आलं की मला बोलणी बसतात. त्याचा राग मांजरावर जातो. आणखी एक, गुरगुरणं ही सूचना असते. ती दाबून टाकली तर पुढच्या वेळी सूचना न देताच तो चावेल.

मांजराकडेही तितकंच लक्ष हवं. कान मागे चपटे, बुबुळं मोठी काळी, शेपटी फुललेली, फिस्कारणं, हे सगळ्यांना कळतं. शेपटीच्या बाबतीत मात्र नवख्यांची हमखास गफलत होते. कुत्रा खूश असताना शेपटी हलवतो, मांजर वैतागलं की शेपटी आपटतं. शेपटी जमिनीवर सट् सट् आपटायला लागली की त्या दिवसाची शिकवणी संपली. पंजे पोटाखाली दुमडून बसणं, डोळे अर्धे मिटून हळूच उघडणं, कुत्र्याकडे पाठ करून जेवणं, ही निवांतपणाची चिन्हं. आणि मांजर पळून लपलं तर त्याला ओढून परत आणू नका. कधी समोर यायचं ते त्याचं त्याने ठरवू दे.

पाच-सात मिनिटं, दिवसातून तीनदा. एकदाच तासभर करण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. दोन्ही मांजरांना एकत्र आणू नका. आम्ही आधी शेवंता, मग गोट्या असं वेगवेगळं केलं, कारण एक मांजर घाबरून पळालं की दुसरंही पळतं आणि दोन मांजरं पळताना बघून शहाण्या कुत्र्याचाही तोल सुटतो.

एकाच खोलीत

आठवडाभर सलग जाळीपाशी कुत्रा सैल अंगाने बसला, मांजर समोर जेवलं, की मग मधलं दार उघडायचं. याआधी मांजरांची नखं टोकाशी कापा. आतला गुलाबी भाग सोडून, तिथे रक्तवाहिनी असते. कुत्र्याच्या डोळ्यावर एक नख लागलं तर बुबुळाला जखम होते आणि महिनाभर दवाखाना मागे लागतो.

कुत्र्याला दोरी. तुम्ही खुर्चीत, तो पायाशी, ‘बस’ सांगून. मांजराला उचलून आणायचं नाही, दार उघडं ठेवायचं. गोट्या पहिल्या दिवशी उंबऱ्यावर बसून राहिला, दुसऱ्या दिवशी फळीवरून कपाटावर गेला, चौथ्या दिवशी खाली उतरून हॉलमधून सरळ चालत स्वयंपाकघरात गेला. बंड्या उठला, दोरी ताणली, मी ‘बंड्या’ म्हटलं आणि तो वळून बसला. त्या दिवशी त्याला मूठभर चिकन एकदम दिलं.

जवळ आले तर दोरी सैल धरा. ताणलेल्या दोरीतून तुमची धास्ती कुत्र्याला कळते. नाक मांजराच्या शेपटीपाशी दोन-तीन सेकंद, मग हसऱ्या आवाजात हाक मारून त्याला परत बोलवा. मांजराने पंजा मारला तर मारू दे. ‘इथपर्यंतच’ हे मांजरच कुत्र्याला सगळ्यात चांगलं समजावतं, फक्त त्याला मागे सरायला जागा हवी. कुत्र्याने पुढचे पाय पसरून पार्श्वभाग वर केला तर ते खेळायचं बोलावणं आहे. मांजराला ते कळत नाही, त्याला तो हल्लाच वाटतो, म्हणून तेव्हाही परत बोलवायचं.

दोन-तीन आठवडे असे गेले की दोरी हातातून सोडा, पण हार्नेसला राहू द्या, जमिनीवर लोळत. कुत्रा मागे लागलाच तर तिच्यावर पाय ठेवता येतो. मांजराच्या मागे धावणं हा कुत्र्यासाठी इतका मजेचा खेळ असतो की एकदा यशस्वी झाला की त्याला तोच पुन्हा पुन्हा खेळावासा वाटतो. म्हणून तो एकदाही पूर्ण होऊ देऊ नका. झालाच, तर दोघांना शांतपणे वेगळं करा आणि जाळीच्या दारापासून पुन्हा सुरू करा, चार दिवस वाया जातील म्हणून हिरमुसू नका.

जेवण, ट्रे आणि औषधं

जेवण कायमचं वेगळं. मांजराची वाटी ओट्यावर किंवा फळीवर, कुत्र्याचं ताट खाली. यात भांडण टाळण्यापलीकडचं कारण आहे. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला अन्नातूनच मिळावा लागतो, नाहीतर कालांतराने दृष्टी आणि हृदय, दोन्ही बिघडतं. कुत्र्याच्या खाण्यावर किंवा दहीभातावर मांजर जगवू नका. उलट मांजराचं खाणं कुत्र्याला रोज मिळालं तर जास्तीच्या चरबीने तो फुगतो आणि पोट बिघडतं. सुकट-जवळा मांजराला फार आवडतो, पण खारवलेल्या मासळीत मीठ खूप असतं, म्हणून ताजी मासळी काटे काढून, शिजवून द्या. आणि दूध? वयात आलेल्या बऱ्याच मांजरांना ते पचत नाही, हगवण लागते.

ट्रेचा प्रश्न कुणी आधी सांगत नाही. बऱ्याच कुत्र्यांना मांजराची शी खायला आवडते. किळस सोडा, पण तिच्यातून जंत जातात आणि पाण्याने घट्ट होणारं लिटर पोटात जाऊन आतडं तुंबू शकतं. शिवाय ट्रेवर बसलेलं असताना एकदा कुत्रा अंगावर आला तर मांजर तो ट्रे कायमचा सोडून गादीवर जायला लागतं. आमच्या ट्रेच्या खोलीचं दार आम्ही छोट्या साखळीने चार-पाच इंच उघडं अडकवून ठेवलंय. मांजरं जातात, बंड्याचं डोकं जात नाही. तुमचा कुत्रा पॉमेरियनएवढा असेल तर मोठ्या झाकणाच्या डब्याला वरून भोक पाडा, मांजर वरून उतरेल.

आता सगळ्यात जीवघेणी चूक. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या गोचिडांच्या काही औषधांत, स्प्रे-पावडरीत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं. मांजराचं शरीर ते बाहेर टाकू शकत नाही. अंग थरथरतं, झटके येतात, वेळेत उपचार नाही झाले तर मांजर जातं. मांजराला थेट लावायचं तर नाहीच, पण औषध लावलेल्या कुत्र्याला चाटून, त्याच्या अंगाला अंग लावून झोपूनही विषबाधा होते. गोचिडांसाठी कुत्र्याला धुतात ते अमिट्राझही मांजराला विषारी. दुकानदार ‘दोघांना चालतं’ म्हणाला तरी पाकिटावरचं नाव स्वतः वाचा. घरात मांजर आहे हे डॉक्टरांना आठवणीने सांगा, कुत्र्यासाठी पोटातून द्यायची दुसरी औषधं आहेत. पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही नको, अर्धीसुद्धा. फुलदाणीत लिलीची फुलं ठेवू नका, तिच्या परागांनीही मांजराची किडनी निकामी होते.

भांडण झालंच तर

मध्ये हात घालू नका. पाट, उशी, लोड, हाताला येईल ते दोघांच्या मध्ये सारा, किंवा जाड चादर मांजरावर टाका. स्टीलची दोन झाकणं एकमेकांवर आपटली तरी क्षणभर दोघं थबकतात, तेवढ्यात दार लावून घ्या. मांजराला कुत्र्याचा दात लागला असेल तर बाहेरून नुसतं भोक दिसलं तरी दवाखान्यात न्या, आतली इजा वरून दिसत नाही. तुम्हाला चावा किंवा ओरखडा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, प्राणी घरचा आणि लस दिलेला असला तरी. मांजराचा चावा बारीक दिसतो आणि खोल चिघळतो.

दिवाळीत आमच्याकडे सगळं छान चाललेलं असताना एक सुतळी बॉम्ब खिडकीखाली फुटला आणि शेजारी झोपलेल्या बंड्यावर गोट्या तुटून पडला. बंड्याने काहीही केलं नव्हतं. मांजर बाहेरच्या भीतीचा राग जवळ असेल त्याच्यावर काढतं; खिडकीत परका बोका दिसला तरी असंच होतं. दोन दिवस दोघांना वेगळं ठेवलं, मग जाळीच्या दारापासून पुन्हा. तीन आठवड्यांऐवजी या वेळी पाच दिवस पुरले. आता फटाक्यांच्या रात्री आधीच वेगवेगळ्या खोल्या.

मांजरं आधीची, पिल्लू नवं

क्रम तोच, फक्त बंद खोलीत कुत्र्याचं पिल्लू, आणि घर मांजरांचं. पिल्लाच्या अंगात शिकारीपेक्षा मस्ती जास्त असते, पण ते थांबत नाही, सारखं मांजराच्या मागे मागे करतं. दोन महिन्यांच्या पिल्लाला मांजर आवरतं. तेच पिल्लू पाच महिन्यांत मांजराच्या चौपट होतं आणि तोवर ‘सोड’ शिकलेलं नसेल तर पंचाईत. म्हणून गोंडस दिसतंय तेव्हाच दोरी लावा. म्हाताऱ्या मांजराला दिवसातले बरेच तास पिल्लाशिवायचे मिळायलाच हवेत.

घरी एकटं सोडताना

महिनाभर एकही पाठलाग नाही, कुत्रा मांजर समोरून गेलं तरी झोपून राहतो, मांजर त्याच्यासमोर जमिनीवर आडवं होऊन अंग चाटतं, असं झालं तरच हा विचार करा. जुना मोबाइल कपाटावर कॅमेरा लावून ठेवा आणि खाली जाऊन दूध घेऊन या. पाच मिनिटं. परत आल्यावर काय झालं ते सगळं बघा. मग वीस मिनिटं, मग भाजीची फेरी. कॅमेऱ्यात मांजर सगळा वेळ कपाटावरच बसलेलं दिसलं तर अजून वेळ आली नाही.

आमचं आता तासा-दोन तासांपर्यंत जमतं. दिवसभर सगळे बाहेर असलो की अजूनही मांजरं बेडरूममध्ये, बंड्या हॉलमध्ये आणि मधल्या लोखंडी जाळीची कडी लावलेली. संध्याकाळी दार उघडलं की जाळीच्या एका बाजूला बंड्या आणि दुसऱ्या बाजूला शेवंता, पाठीला पाठ लावून झोपलेले असतात. कडी मी तरीही काढलेली नाही.